भाजलेली माती

रुखमा गेली आणि तिच्या कोंबड्या मुखरूच्या गळ्यात पडल्या, असं गावातली माणसं म्हणायची. मुखरूला कोणी विचारलं असतं तर तो म्हणाला असता, मीच त्यांच्या गळ्यात पडलो. पण त्याला कोणी विचारलं नाही.

सावली या तालुक्याच्या गावाहून वैनगंगेकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्याचं गाव. भोवताली जिकडे पाहावं तिकडे धान. मुखरूचं घर गावाच्या शेवटाला. समोर अंगण, मागे सांदवाडी. सांदवाडीत वालाचा वेल, मुनग्याचं म्हणजे शेवग्याचं झाड, न्हाणीचा दगड आणि कोंबड्यांचं खुराडं. हा सगळा मागचा भाग रुखमाचा होता. मुखरू शेतात असायचा. घरी आला की समोरच्या छपरीत बसायचा, हाक मारली की चहा पुढे यायचा. मागे काय चालतं, याची चौकशी करायची त्याला कधी गरज पडली नाही.

कोंबड्यांना नावं होती. ती रुखमानेच ठेवली. सगळ्यात जाडी, सगळ्यांच्या आधी दाणे खाणारी तांबडी कोंबडी सरपंचीण. मान ताठ ठेवून पाय मोजत चालणारी मास्तरीण. ठिपक्यांची ती कबरी. आणि कोंबडा कंडक्टर, कारण संध्याकाळी सगळ्या आत चढल्याशिवाय तो खुराड्यात शिरत नसे. दारात उभा राहून मागे वळून पाहायचा, कोणी राहिलं तर नाही ना, आणि मग स्वतः चढायचा. आणखी दोन-तीन तलंगा, नुकत्या वयात आलेल्या, होत्या, त्यांना नावं ठेवायला रुखमाला वेळ मिळाला नाही.

ती वैशाखात गेली. ताप आला, उतरला, पुन्हा आला, आणि चंद्रपूरच्या दवाखान्यातून ती परत आली नाही. तेरवी झाली तेव्हा मुलगा हेमराज म्हणाला, बाबा, आता तुम्ही आमच्याकडे चला. हेमराज चंद्रपुरात मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानात कामाला. दुसऱ्या माळ्यावर दोन खोल्या. बायको चंचल चंद्रपूरचीच, स्वभावाने चांगली. पोराचं म्हणणं खोटं नव्हतं, म्हणून मुखरूला नाही म्हणता येईना. अंगणात कंडक्टर ओरडला, तेव्हा त्याच्या तोंडून निघून गेलं, "अन् कोंबड्या?"

हेमराजला वाटलं बाप मस्करी करतो. "कोंबड्यायपायी माणूस थांबते का बाबा?"

"तुया मायच्या हाय त्या. त्या हायेत तोवर राहू दे मले इथी. मंग येतो."

त्या वेळी हेमराजच्या डोळ्यांत पाणी होतं, त्यामुळे तो हो म्हणाला. जाताना गॅसची शेगडी आणि सिलेंडर घेऊन देऊन गेला, बाबाला धुरात बसावं लागू नये म्हणून. मुखरू त्या शेगडीवर भात शिजवायचा, चहा करायचा. सकाळी खुराडं उघडायचं, दाणे टाकायचे, संध्याकाळी कंडक्टर चढला की दार लावायचं. जमत होतं.

पोळा होऊन गेला आणि जमेनासं झालं.

आधी अंडी कमी झाली. मग बंदच झाली. कोंबड्या डोकी झटकायच्या, दिवसभर चोच स्वतःच्याच पिसांत खुपसत राहायच्या. सरपंचिणीची मान उघडी पडली, तुरा फिका झाला. मास्तरीण चालायची सोडून कोपऱ्यात डोळे मिटून उभी राहायला लागली. मुखरूने तिला उचललं तेव्हा हात हलकाच वर आला, इतकी ती वाळली होती. खाली ठेवल्यावर त्याच्या हातावर काहीतरी चालत होतं. पाहिलं तर मोहरीहून बारीक, करड्या रंगाच्या पिसवा. कोपरापर्यंत.

दोन दिवसांनी मास्तरीण खुराड्यातून बाहेर आलीच नाही. मुखरूने तिला मुनग्याखाली पुरलं. मग न्हाणीच्या दगडावर बसला. कोंबड्यांचं असं एकेक करून संपलं, तर आपण पोराला काय सांगणार, हा विचार त्याच्या मनात आला. त्याने दुसरा काही बहाणा शोधून पाहिला. सापडला नाही. जमीन बटईने दिली होती, बैल विकून झाले होते. या घरात रोज सकाळी त्याला उठवणारं म्हणून कोंबड्यांशिवाय काही उरलं नव्हतं.

कुंपणापलीकडून इंदुताई हे पाहत होती. इंदुताई रुखमाची बरोबरीची, दोघींचं अर्धं आयुष्य त्या कुंपणाशी बोलण्यात गेलेलं. तिने स्वतः कोंबड्या पाळणं मुंगसाच्या त्रासाने कधीच सोडलं होतं, पण कोंबड्यांतलं तिला कळायचं. ती आत आली, सरपंचिणीला पकडलं, पंखाखाली फुंकर मारून पाहिलं आणि तोंड वाकडं केलं.

"भाऊ, इले आंघोळ भेटून नाई राह्यली."

मुखरू म्हणाला, रात्रंदिवस पाऊस आहे, भिजूनच तर राहिल्या आहेत सगळ्या.

"पान्याची नाई जी. मातीची. कोंबडी कोरड्या मातीत लोळते, माती पिसात भरते, तवा ह्या पिसवा मरते. न्हाणीच्या बाजूले खड्डा होता ना रुखमाबाईचा?"

होता. मागच्या छपरीच्या वळचणीखाली, घमेल्याएवढा खड्डा. मुखरूला तो चांगला आठवत होता, कारण तो त्यानेच बुजवला होता. तेरवीला पंगत मागे सांदवाडीत बसणार होती. अंधारात कोणाचा पाय मुरगळू नये म्हणून त्याने दोन टोपल्या मुरूम टाकून खड्डा भरला, धुमसाने ठोकला आणि बायांकडून वरून शेणाने सारवून घेतला. त्या दिवशी सगळे म्हणाले होते, किती साफ केलं मागचं. त्यालाही बरं वाटलं होतं.

इंदुताईने मग दुसरंही सांगितलं. रोज सकाळी रुखमा चुलीतली राख काढायची आणि त्या खड्ड्यात टाकायची. मधूनच वाळलेला कडूलिंबाचा पाला चुरून टाकायची. राखेने माती पावसाळ्यातही कोरडी राहायची. "तुमाले काय वाटे, राख फेकून देते?"

मुखरूला तेच वाटायचं. रोज सकाळी ती टोपलं घेऊन मागे जायची, हे त्याने लग्नापासून पाहिलं होतं. राख म्हणजे फेकायची वस्तू, म्हणून ती फेकते, एवढंच त्याच्या डोक्यात. आता सुतकापासून चूल थंड होती आणि गॅसची राख पडत नाही.

त्याने त्याच दिवशी कुदळ घेऊन मुरूम उकरला. हातभर खाली गेला तर खड्ड्यात पाणी झिरपलं. दुसऱ्या दिवशी खड्ड्यात बेडूक बसला होता. कंडक्टरने येऊन बेडकाकडे पाहिलं, मुखरूकडे पाहिलं आणि निघून गेला.

म्हणजे कोरडी माती हवी. भादव्यात, धानाच्या मुलखात, कोरडी माती. मुखरू गावभर फिरला. देवळाच्या ओट्याला फरशी होती. शाळेच्या व्हरांड्यात सिमेंट होतं. ज्यांच्या घरी गोठे होते तिथे शेणाचा राबडा. त्याच्या स्वतःच्या रिकाम्या गोठ्यात दगड बसवलेले. घरकुलं झाली तेव्हापासून घरांच्या जमिनी फरशीच्या झाल्या होत्या. गावात जे कोरडं होतं ते सिमेंट होतं आणि जी माती होती तिचा चिखल झाला होता. सावलीला जाऊन दुकानातून पिसवांची पावडर आणावी म्हटलं, तर नाल्याच्या पुलावरून पाणी वाहत होतं. बस बंद.

रात्री जेवायच्या वेळी भाताचं पातेलं शेगडीवरून उतरवताना त्याला सुचलं. ओल्या धानाला ऊन मिळालं नाही तर आपण ते भाजतो. मग मातीला ऊन नसेल तर माती भाजायची.

आता, कोणतीही माती चालेल असं समजणं ही त्याची दुसरी चूक. घरामागच्याच धानाच्या बांधीतून त्याने टोपलंभर माती उचलून आणली. ती होती कन्हार, काळी, चिकट. सगळं आयुष्य त्याने त्या मातीत धान लावलं, पण ती कढईत कशी वागते ते त्याला ठाऊक नव्हतं. गॅसवर तासभर हलवली, तर तिचे दगडासारखे खडे झाले. एक खडा कबरीने उचलला, टाकला आणि त्याच्याकडे असं पाहिलं की मुखरूलाच लाज वाटली. वर गॅस जळाला तो वेगळाच. मग त्याने वरच्या अंगाच्या बांधीतली सिहार आणली, पिवळसर, वाळू मिसळलेली. ती बोटांत चोळली तरी मोकळी होते. आणि गॅस बंद करून तो मागच्या छपरीत रुखमाच्या चुलीसमोर बसला.

चूल तिने स्वतः घातलेली. दर सणाला तिला मातीचा हात फिरवायची. आता तोंडाशी कोळ्याने जाळं केलं होतं. मुखरूने जाळं काढलं, आत तुराट्या रचल्या, त्यावर मोहाचं लाकूड ठेवलं. लाकूड दमट होतं, नुसता धूर व्हायला लागला. भिंतीच्या खुंटीला फुंकणी होती. एक टोक जळून काळं, दुसरं टोक रुखमाच्या ओठांनी गुळगुळीत झालेलं. ती हातात घेऊन तो थोडा वेळ तसाच बसला. मग त्या टोकाला तोंड लावलं आणि फुंकलं. डोळ्यांत धूर गेला. बराच वेळ डोळे पुसत राहिला. चूल पेटली.

त्यानंतर काही दिवस मुखरूचं एकच काम. चुलीवर लोखंडी कढई, जिच्यात रुखमा वडे तळायची. कढईत ओली माती. हातात उलथणं. माती आधी वाफ सोडायची, मग रंग उतरायचा, मग हलकी होऊन उलथण्यावरून पाण्यासारखी सरकायची. ती पोत्यावर पसरायची आणि पुढचा घाणा टाकायचा. विस्तव आहेच, तर बाजूला चहा ठेवायचा. विस्तव आहेच, तर निखाऱ्यात एक कांदा भाजायचा. कोंबड्या धुराच्या उबेला येऊन भोवती बसायच्या. मुखरू त्यांच्याशी बोलायचा. सरपंचिणीला म्हणायचा, थांब बाई, तुझ्याचसाठी चाललंय, तुझ्या ग्रामपंचायतीत तर काही सोय दिसत नाही.

इंदुताई म्हणाली होती, तंबाखूचा चुरा मिळाला तर थोडा टाका, पिसवांना तो सोसत नाही. म्हणून मुखरू रोशनच्या पानठेल्यावर गेला. रोशन हेमराजच्या बरोबरीचा, दोघं एका वर्गात शिकलेले. दिवसभर लोकांना तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटून द्यायचा हा त्याचा धंदा. मुखरूने तंबाखूचा चुरा मागितला तेव्हा त्याला आश्चर्य वाटलं, कारण या म्हाताऱ्याला त्याने कधी सुपारीही खाताना पाहिलं नव्हतं.

"घोटून देऊ का काका?"

"नाई. कोंबड्यायले पायजे."

रोशनने चुरा पुडीत बांधून दिला. ठेल्यावरच्या पोरांनी विचारलं, कोंबड्या चुन्यासकट घेतील की बिनचुन्याची. सगळे हसले. मुखरू पुडी घेऊन निघून गेला. रोशनला मात्र चैन पडेना. संध्याकाळी तो मुद्दाम मुखरूकडे आला. मागे धूर दिसला म्हणून तिकडेच गेला.

मुखरू चुलीपुढे उकिडवा बसून कढई हलवत होता. केसांत धूळ, मिशीत धूळ. भोवती कोंबड्या.

"काय भाजून राह्यले काका?"

"माती."

रोशनने कढईत वाकून पाहिलं. मग हळूच विचारलं, "खायले?"

"आंघोळीले," मुखरू म्हणाला, आणि घाणा करपेल म्हणून पुन्हा कढईकडे वळला. कोंबड्यांच्या आंघोळीला, असं पूर्ण सांगायला पाहिजे हे त्याच्या लक्षातच आलं नाही. त्याच्या डोक्यात चार दिवस दुसरं काही नव्हतंच, त्याला वाटलं सगळ्या गावाच्या डोक्यात तेच आहे.

दुसऱ्या दिवसापर्यंत गोष्ट गावात फिरली. कोणी म्हणालं, मुखरू माती भाजून भाताबरोबर खातो. कोणी म्हणालं, गरम माती अंगाला चोळतो. तो कोंबड्यांना तंबाखू चारतो आणि त्यांच्याशी बोलतो, असंही लोक म्हणाले. त्यातलं बोलण्याचं तेवढं खरं होतं. इंदुताईने दोघा-तिघांना समजावलं, पण बाई गेल्याने माणसाचं डोकं फिरलं, ही गोष्ट ऐकायला जास्त बरी होती.

संध्याकाळी हेमराजचा फोन आला. जेवले का, म्हणाला. मुखरू म्हणाला, जेवलो.

"काय जेवले?"

"भात, वरन."

"अजून काय?"

"अजून काय राह्यते?"

 मग हेमराज आवाज फारच मऊ करून म्हणाला, पुलावरचं पाणी उतरलं की आम्ही दोघं येतो, तुम्ही कपडे भरून ठेवा, आता एकटं नाही राहायचं. लहान पोराशी बोलतात तसा तो बोलत होता. मुखरूला ते कळलं, पण कारण कळलं नाही.

"अन् कोंबड्या?"

"बाबा, रोशन सांगत होता, त्या बी मरूनच राह्यल्या."

फोन ठेवल्यावर मुखरू बराच वेळ चुलीशी बसून राहिला. मग उठला आणि कामाला लागला. पाणी उतरायला एक-दोन दिवस लागतील, तेवढेच त्याच्या हातात होते.

मागच्या छपरीत, जिथे पावसाचा शिंतोडा येत नाही अशा कोपऱ्यात, त्याने घरकुलाच्या उरलेल्या विटांचा चौकोन मांडला, दोन विटा उंच. भाजलेली माती पिठाच्या चाळणीने चाळली. चुलीतली पांढरी राख चाळून तिच्यात मिसळली. कडूलिंबाचा पाला तव्यावर वाळवून चुरला. तंबाखूचा चुरा चिमूटभरच. सगळं चौकोनात भरलं आणि तळहाताने वरून अगदी सपाट केलं, शेणाने सारवलेल्या जमिनीसारखं गुळगुळीत. मग बाजूला बसला आणि म्हणाला, या.

कोणी आलं नाही.

त्याने कंडक्टरला उचलून आत ठेवलं. कंडक्टर दोन्ही पाय आळीपाळीने उचलत उभा राहिला आणि उडी मारून बाहेर गेला. त्याने वरून तांदळाची कणी टाकली. सगळ्या आल्या, विटांवर उभं राहून माना लांबवून कणी टिपली आणि परत गेल्या. त्याने सरपंचिणीला धरून तिच्या पाठीवर माती टाकून पाहिली. तिने त्याच्या मनगटावर अशी चोच मारली की रक्त आलं. दुसरा दिवसही तसाच गेला. आभाळ तसंच भरलेलं, कोंबड्या तशाच पिसं उपसत कोपऱ्यात. मुखरू विटांजवळ बसून राहिला. एकदा तो म्हणाला, "तिनं केलं अस्तं तर बसल्या अस्त्या ना तुमी." कोंबड्यांना हे बोलून काय उपयोग, असं मग त्यालाच वाटलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी आभाळ उघडलं, पुलावरून पाणी उतरलं आणि पहिल्याच बसने हेमराज आणि चंचल आले.

हेमराज आत आला तो सरळ मागे गेला. कढईत राहिलेली माती पाहिली, बोटाने उचलून नाकाशी नेली. चुलीजवळ भाताचं पातेलं होतं, त्यातही पाहिलं. बापाकडे पाहिलं तर त्याच्या भुवया राखेने पांढऱ्या झालेल्या, मनगटाला फडकं बांधलेलं. तो तसाच वळला. आतल्या खोलीत गेला, खाटेखालची पिशवी ओढली आणि बापाचे सदरे, धोतरं घडी घालून भरायला लागला. आता विचारायचं काही उरलं नाही असं त्याला वाटलं असावं.

मुखरू विटांजवळ बसून होता.  कोंबड्या सांदवाडीत, उन्हात पंख पसरून उभ्या होत्या. चंचल त्याच्याशेजारी येऊन खाली बसली. ती शहरातली, तिने कोंबड्या पाहिल्या त्या दुकानातल्या जाळीत. तिने हळूच विचारलं, हे काय आहे मामाजी. मुखरूने सांगितलं. रुखमाच्या खड्ड्याचं, मुरुमाचं, राखेचं, कन्हारचं आणि सिहारचं, सगळं. एवढं सलग तो वैशाखापासून कोणाशी बोलला नव्हता. चंचल हसली नाही. गरम असतानाच भरली का, तिने विचारलं. मुखरू म्हणाला, नाही, थंड करून. मग तिने मातीत हात घातला.

"अय्या, किती नरम हाय. पावडर असते तशी."

आणि ती खेळायला लागली. मूठ भरायची आणि बोटांतून सोडायची. पुन्हा भरायची, पुन्हा सोडायची. सारवल्यासारखी ती सपाट माती तिने पार विसकटून टाकली. मधोमध मनगट बुडेल एवढा खळगा झाला. मुखरूला आधी वाईट वाटलं, एवढं नीट केलेलं मोडलं म्हणून. तेवढ्यात सरपंचीण आली.

ती विटेवर चढली. मान तिरपी करून एका डोळ्याने खळग्याकडे पाहिलं, मग दुसऱ्या डोळ्याने. चंचलच्या बोटांतून पडणारी माती पाहिली, तिच्या हातातल्या बांगडीला एक चोच मारली. चंचलने घाबरून हात मागे घेतला. सरपंचीण खाली उतरली, पायाने दोनदा उकरलं, पोट टेकवलं. खळग्यात गोल फिरली. मग तिने मान मातीत घातली, एका कुशीवर पडली, पाय लांब केले, एक पंख उघडा टाकला, डोळा मिटला आणि तशीच पडून राहिली.

चंचलच्या तोंडावरचा रंगच गेला. तिने मुखरूचा हात धरला. तिच्या मनात आलं असावं, म्हाताऱ्याची एवढी मेहनत, आणि आपण हात घातला अन् काय झालं हे. "मामाजी," ती अगदी बारीक आवाजात म्हणाली, "हे गेली."

मुखरूने कोंबडीकडे पाहिलं. मग सुनेच्या तोंडाकडे पाहिलं. आणि त्याला हसू आलं. आधी नुसतंच छातीत हललं. मग तो मोठ्याने हसायला लागला, इतका की ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं आणि राखेने माखलेल्या गालांवर ओघळ पडले. त्याला बोलता येईना. तो नुसता हात हलवून सांगत होता, नाही, नाही, मेली नाही.

आतून हेमराज धावत आला. हातात अर्धा घडी घातलेला सदरा. बापाला काय झालं, असंच त्याला वाटलं. त्याच क्षणी सरपंचिणीने पाय झाडले, पंख आपटले आणि सगळी माती उडवली. ती चंचलच्या केसांत गेली, मुखरूच्या तोंडात गेली आणि हेमराजच्या पँटवर पसरली. कबरी धावत आली. तलंगा आल्या. एकीच्या पाठीवर दुसरी चढून आत घुसली. विटांच्या चौकोनात नुसता धुरळा, त्यात पंख, पाय आणि मधूनच वर येणारं एखादं डोकं. कोंबड्या आतून असा आवाज करत होत्या, जसा त्यांच्या तोंडून मुखरूने कित्येक दिवसांत ऐकला नव्हता. घशातल्या घशात, लांब, सुखाचा.

हेमराज पाहत उभा राहिला. त्याच्या लहानपणी तो न्हाणीजवळच्या खड्ड्याशी असाच उभा राहायचा, हे त्याला आठवलं असेल किंवा नसेल. तो म्हणाला, "रोशन सांगत होता, तुमी माती खाता."

"खाल्ली अस्ती तं पह्यले तुलेच चाखाले दिली अस्ती," मुखरू म्हणाला.

चंचल हसायला लागली, केसांतली माती झाडत. हेमराजला हसावं की रागवावं कळेना. तो विटांशेजारी खाली बसला. सदरा त्याच्या मांडीवरच राहिला. थोड्या वेळाने त्याने चौकशी सुरू केली. आता यांच्या पिसवा एका दिवसात जातील का? मुखरू म्हणाला, नाही, महिना लागतो, इंदुताई सांगते. रोज माती वरखाली करावी लागते, दमट झाली की बदलावी लागते. आणि राख रोजची ताजी लागते.

"रोजची?"

"रोजची. चूल रोज पेटवा लागते."

"अन् ते कोन पेटवन?"

 मुखरूने भुवयांवरची राख पुसली आणि हात धोतराला पुसले. चंचल नवऱ्याकडे पाहत होती. हेमराजने कोंबड्यांकडे पाहिलं, चुलीकडे पाहिलं, बापाच्या हाताकडे पाहिलं. मग त्याने चुलीशेजारचं लाकूड उचललं आणि म्हणाला, हे तर ओलं आहे, याने धूरच होणार, डोळे खराब करून घ्याल तुम्ही. मुखरू म्हणाला, फोडलेलं संपलं, मोठे ओंडके गोठ्यात आहेत, पण माझ्याने फुटत नाहीत.

हेमराजने शर्ट काढून खुंटीला टांगला आणि कुऱ्हाड कुठे आहे म्हणून विचारलं.

दुपारभर तो गोठ्यात लाकडं फोडत होता. सवय गेलेली, हाताला फोड आले. इंदुताई कुंपणावरून म्हणाली, चंद्रपुरात कुऱ्हाड भेटत नाही वाटते. चंचलने चुलीवर भात टाकला. चूल पेटवायला मुखरूने शिकवलं तिला, आणि फुंकणी पुसून हातात दिली. जेवण झाल्यावर चंचल सारखी उठून मागे जाऊन पाहून यायची, आता कोण आंघोळीला बसलं आहे.

चारच्या बसची वेळ झाली तेव्हा छपरीच्या भिंतीला लाकडांची रास लागली होती, पावसाचं पाणी लागणार नाही अशी, नीट रचून. हेमराजने हात झटकले, शर्ट चढवला.

"एवढे दिवाळीवरी पुरन," तो म्हणाला. "दिवाळीले येतो मंग मी तुमाले न्यायले."

मुखरूने राशीभोवती एक चक्कर मारली. एक लाकूड उचलून वजन पाहिलं, परत जागेवर ठेवलं.

"बारीक बारीक जाळलं तं संक्रांतीवरी पुरते," तो म्हणाला.